एका घराची सरासरी

शिसं. हा शब्द आधी नीट लिहून ठेवते, कारण आमच्या परदेशीपुऱ्यात घरोघर जाऊन रक्त घेतलं तेव्हा तो कुणी कुणाला सांगितला नाही. सांगितलं काय, तर "खून की जाँच है, फ्री है, कमजोरी का पता चलेगा." बायकांनी बाह्या वर केल्या. माझ्या आत्यानेही केली.

मी त्या प्रकल्पात नोकरीला होते. पर्चे, म्हणजे पत्रकं, वाटणारी पोरगी, हिला काय कळतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणून हेही सांगून टाकते. पर्चे मी वाटतेच. बंद मिलच्या दवाखान्यापासून नळाच्या गढूळ पाण्यापर्यंत सगळ्यांवर लिहून झालंय. पण पर्च्यांवर पोट भरत नाही, म्हणून एका कॉलेजात डेटा एंट्री करत होते. काम असं होतं: बेटम्याजवळच्या एका टेकाडात उत्खनन होऊन जुन्या माणसांचे सांगाडे निघाले होते. त्यांच्या दातांत शिसं किती, आणि आज आमच्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या शेडच्या आसपास राहणाऱ्यांच्या रक्तात किती, ते ताडून बघायचं आणि पेपर छापायचा. एक डॉक्टर, एक उत्खननवाल्या मॅडम, एक डेटा सांभाळणारा भिया; आमच्याकडे कुणाही दादाला भियाच म्हणतात. तिघं एकमेकांशी इंग्रजीत फार गोड बोलायचे. एकमेकांचं काम तिघांपैकी कुणालाही काडीचं कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

सांगाड्यांची बडदास्त मात्र बघण्यासारखी होती. एकेक दात मऊ कागदात, प्रत्येकाला वेगळी डबी, डबीवर कार्ड: कुठला खड्डा, किती खोल, कुणी काढला, कुणी ब्रशने साफ केला. मी एकदा टेबलाला टेकले तर मॅडम ओरडल्या, "अहो, सांभाळून! तरुण बाई आहे ती." शेकडो वर्षांपूर्वी मेलेली बाई. आमच्या गल्लीतल्या जिवंत बायकांचं रक्त थर्माकोलच्या डब्यात, कोपऱ्यात.

नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या मॅडमच्या विद्यार्थ्यांनी. उत्खननात एका खड्ड्यातून जे जे निघतं त्याला एकच नंबर देतात आणि पुढे अ, ब, क, ड लावतात. त्यांचा हात त्याच वळणाचा. त्यांनी एक घर म्हणजे एक खड्डा धरला. आमचं घर झालं एकतीस. बाबा ३१-अ, आई ३१-ब, मी ३१-क, आत्या ३१-ड. इथवर ठीक होतं. पण भियाच्या कॉम्प्युटरमध्ये नंबराच्या रकान्यात फक्त आकडे चालायचे. मी विचारलं, अक्षरांचं काय करू? तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "उड़ा दो."

उडवली. मीच. दोन दिवस बसून, सगळ्या घरांची.

आता कॉम्प्युटरला काय दिसलं? एकतीस नंबर चार वेळा. प्रयोगशाळेत एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजतात, त्यामुळे त्याने गृहीत धरलं की नमुना एक, मोजणी चारदा. आणि चौघांची सरासरी काढून टाकली. घरोघर प्रत्येकाला निकालाची चिठ्ठी मिळाली, ती त्यावरूनच.

आत्या त्या शेडमध्येच कामाला होती. फोडलेल्या बॅटऱ्यांची प्लास्टिकची खोकी धुवायची. वर्षभरात तिच्या पोटात मुरडे यायला लागले, हातातून कप निसटायला लागला. त्याच डॉक्टरांच्या ओपीडीत गेली. त्यांनी प्रकल्पाचा रिपोर्ट पाहिला, "शिसं मर्यादेत" असं म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. मी रोज डोकं खायचे, सोड ते काम. ती देव्हाऱ्यामागे खोचलेली चिठ्ठी काढून दाखवायची.

"नॉर्मल आहे. ठप्पा आहे याच्यावर डॉक्टरचा. तुझ्या पर्च्यावर असतो का ठप्पा?"

एका रविवारी वैतागून मी घरातल्या चारी चिठ्ठ्या ओट्यावर शेजारी शेजारी मांडल्या. आई घरी शिवणकाम करते. बाबा कपड्याच्या दुकानात काउंटरवर उभे असतात. मी कॉलेजच्या एसीत. आत्या दिवसभर त्या पाण्यात. आणि चौघांच्या रक्तात शिसं सारखं, दशांशचिन्हाच्या पुढचे आकडेसुद्धा तेच! तो आकडा कुठून आला हे कळायला मला क्षणही लागला नाही.

सोमवारी भियाला गाठलं. "भिया, एकतीसमध्ये चार माणसं आहेत."

"एक सैंपल है. चार रीडिंग है."

"माणसं आहेत! त्यातली एक मी आहे."

"तुम खुद डेटा में हो?" तो खुर्चीत सरळ झाला. "फिर तो ये कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट है. और वैसे भी डेटा लॉक हो गया."

मॅडम म्हणाल्या, आमची नंबर द्यायची पद्धत बरोबरच आहे, अक्षरं तुम्ही उडवलीत. खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"हे बघ, एका घराने निष्कर्ष बदलत नाही. एकूण चित्र तेच राहतं."

"सर, मी चित्राबद्दल नाही विचारत. आत्याच्या हातातून कप पडतो, त्याबद्दल विचारतेय. सगळ्याच घरांची अक्षरं मी उडवली आहेत."

"प्रत्येकाने आपापल्या टेबलाचं काम करावं," ते म्हणाले.

आत्या पुन्हा रक्त द्यायला तयार नव्हती. नॉर्मल आहे तर कशाला? आणि तिचा मूळ रिपोर्ट तिच्या सहीशिवाय मिळणार नव्हता. मग मी माझाच मागितला. लेखी अर्ज, दोन प्रती, आवक शिक्क्यासह; पर्चेवाल्यांना एवढं येतं. ३१-क ची मशीनमधून निघालेली मूळ प्रत द्या. आठवडाभर टोलवाटोलवी झाली. शेवटी डॉक्टरांनी स्वतः फाइल काढली. मशीनने नळीवरची चिठ्ठी जशी होती तशी छापली होती, आणि चारही ओळी एकाच कागदावर होत्या. तीन आकडे किरकोळ. चौथा बाकी तिघांच्या बेरजेहून कितीतरी मोठा.

डॉक्टरांनी त्या ओळीवर पेनाने खूण केली. सॉरी म्हणाले नाहीत. म्हणाले, "आत्याला घेऊन ये. तेवढी ओळ दुरुस्त करून घेऊ."

"आणि बाकीची घरं?"

"बघू."

मी कागदाची झेरॉक्स आत्यापुढे ठेवली. तिने बोट ठेवून वाचलं.

"हा ड म्हणजे मी?"

"हो."

"शेडमधल्या सगळ्या बायांच्या चिठ्ठ्या नॉर्मल आल्यात ना?"

"हो. अक्षरं मीच उडवली, आत्या." तिने कागदाची घडी केली. मग मीच म्हणाले, "आज रात्रीच पर्चा लिहिते."

"राहू दे गं. तुझ्या पर्च्यांनी आम्ही खोकी पुसतो."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी निघाली, पण शेडच्या आत गेली नाही. फाटकावर उभी राहिली आणि येईल तिला तो कागद दाखवत राहिली. मालकाच्या माणसाने "बाई, नेतागिरी नहीं" म्हणून पाहिलं. ती जागची हलली नाही. दुपारी शेडमधल्या सगळ्या बाया आपापल्या चिठ्ठ्या घेऊन ओपीडीच्या जिन्यावर बसल्या होत्या. गार्ड खेकसला, "इतने लोग एक साथ नहीं." आत्या म्हणाली, "भिया, साथ में ही तो नापा था."

डॉक्टरांना बाहेर यावं लागलं. मूळ फाइल त्यांच्या हातात होती. त्यांनी नंबर, अक्षर आणि आकडा वाचायचा, मी शेजारी बाईचं पूर्ण नाव लिहायचं. भिया दारातून बघत होता; त्याला मी जवळ येऊ दिलं नाही. काही नावांपुढचे आकडे आत्याच्या आकड्याएवढेच मोठे निघाले. संध्याकाळपर्यंत यादी झाली.

नोकरी गेली, ते अपेक्षित होतं. पेपरही छापून आला, जुन्या सरासऱ्यांसकट. खाली बारीक अक्षरात दुरुस्तीची नोंद येईल म्हणतात. आत्याचे उपचार चालू आहेत. कप अजून दोन्ही हातांनी धरते. आणि शेडच्या मालकाने त्याच आठवड्यात तिच्या जागी बेटम्याकडची एक नवी बाई ठेवली. तिचं रक्त कुणीच घेतलेलं नाही. फाटकावर ती माझ्याशी बोलत नाही, काम जाईल म्हणून घाबरते. ती राहते कुठे, ते मी शोधते आहे; घरी गाठली तर बोलेल.