पार्किंगमध्ये बुडालेली बोट

माझ्या सासऱ्यांची बोट मी चिखलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भर सकाळी अकरा वाजता बुडवली. सगळ्यात जवळचं धरण तिथून गाडीने दीड तासावर आहे.

जमिनीवर बोट बुडत नाही, असं मलाही त्या दिवसापर्यंत वाटायचं. पण मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला अठरा वर्षं काढली आहेत, आणि क्वालिटीच्या माणसाच्या हातात वस्तू तपासायला दिली की तो काहीही बिघडवू शकतो. (हे वाक्य माझ्या बायकोचं, वंदनाचं आहे. पण खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.)

वंदनाचे वडील, म्हणजे आमचे मामा, चाकणच्या पलीकडे धरणाकाठी राहतात. धरण झालं तेव्हा त्यांचं शेत पाण्याखाली गेलं. दुसरा कोणी त्या पाण्याकडे पाठ फिरवून बसला असता. मामांनी जाळं विकत घेतलं आणि आपल्याच शेतावर मासे धरायला सुरुवात केली. खाली बांध कुठे, विहीर कुठे, आंब्याचं तोडलेलं खोड कुठे, सगळं त्यांना तोंडपाठ. मच्छीमार संस्थेने जाळं टाकायची जागाही त्यांना तीच दिली आहे. फक्त संस्थेचा एक नियम आहे. मासेमारीवरची पावसाळ्यातली बंदी उठते त्या दिवशी प्रत्येकाने स्वतःची होडी पाण्यात उतरवायची, दोन माणसं बसवून पाण्यातल्या बांबूला वळसा घालायचा आणि परत यायचं. ज्याची होडी नाही, त्याची जागा दुसऱ्याला.

आणि यंदा बंदीच्या काळात मामांचा पाय त्यांच्या जुन्या लोखंडी होडीच्या तळातून आरपार गेला.

एका रविवारी जेवताना मामांनी विषय काढला. "नवी होडी करायची हाय. ॲल्युमिनियमची बरी का फायबरची?"

हा प्रश्न त्यांनी एकट्या मला विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझ्या शेजारी संजू बसला होता. संजू म्हणजे वंदनाचा धाकटा भाऊ. तळेगावला त्याची शेड आहे आणि तो तिथे वॉचमनच्या फायबरच्या केबिनी बनवतो. जगात फायबरची होऊ शकत नाही अशी वस्तू त्याला अजून भेटलेली नाही. आणि माझी कंपनी बनवते ॲल्युमिनियमच्या टाक्या!

"ॲल्युमिनियम," मी म्हणालो.

"फायबर," संजू म्हणाला.

दोघांच्याही तोंडात घास होता. तो गिळायचं भान कुणालाच राहिलं नाही.

"दाजी, पत्रा तो पत्राच. वल्हं लागलं की ठण्ण! मासा पार खेडला जाऊन थांबेल."

"आणि तुझं फायबर त्या आंब्याच्या खोडावर आपटलं की तडा! ॲल्युमिनियमला नुसता पोचा येतो. आतून हातोडी मारली की सरळ."

"तडा गेला तर कापड आणि रेझिन लावून बाबा घरच्या घरी बुजवतील. तुमचा आर्गन वेल्डिंगवाला कुठनं आणायचा? पाण्यातनं?"

"फायबर उन्हाने विटतं!"

"पत्रा उन्हाने तापतो! बाबांना काय भाकरीसारखं शेकायचंय का?"

मामा शांतपणे भाकरी मोडत होते. "त्ये समदं खरं हाय," ते म्हणाले. "पर मी पडलो एकटा. पाण्यात ढकलाया माणसं किती लागत्यात, त्ये सांगा की."

"ते बघू नंतर," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते एवढंच.

जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडून तक्ता केला. वजन, आयुष्य, दुरुस्ती, आवाज, ऊन, खडकावर आपटणे. प्रत्येकाला दहापैकी गुण. माझ्या तक्त्यात ॲल्युमिनियम पहिलं आलं. संजूने लॅपटॉप ओढून घेतला, दुसरा तक्ता केला, त्यात फायबर पहिलं आलं. वंदना मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "दोन शाळा, दोन मास्तर, दोघांनी आपापलं पोरगं पहिलं काढलं." शेवटी असं ठरलं की दोघांनी एकेक बोट बनवायची आणि मामांनी त्यातली एक निवडायची.

"एका म्हाताऱ्या माणसाला दोन होड्या?" वंदनाने विचारलं.

"याला तुलनात्मक चाचणी म्हणतात," मी म्हणालो. तिने कपाळाला हात लावला.

माझी बोट मात्र सुंदर झाली होती. हे मी आजही सांगतो, आणि आजही कोणी ऐकत नाही. नव्या पद्धतीची बांधणी, तळ सपाट, पुढचं तोंड जरा वर उचललेलं, रिव्हेट एकही नाही, सगळं वेल्डिंग. पत्रा मुद्दाम पातळ घेतला होता. इतकी हलकी झाली की मामांनी एकट्याने ढकलली असती. चिखलीतल्याच आपल्या शेडमध्ये वेल्डिंगवाल्याने शेवटचा टाका घातला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, डायरेक्ट पाण्यात टाका आता."

टाकली असती तर आज मी गावाकडचा सगळ्यात लाडका जावई असतो. पण टेस्ट न करता माल पाठवायचा? अठरा वर्षांत मी हे पाप केलेलं नाही! आमच्या कंपनीत टाकीची लीक टेस्ट अशी होते: टाकी दोन स्टँडवर ठेवायची, काठोकाठ पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि तासभर थांबायचं. कागदावर एक थेंब दिसला की माल परत. शेडमध्ये नळ नव्हता, म्हणून मी बोट सोसायटीत आणली. पुढच्या टोकाखाली सिमेंटचा एक ठोकळा, मागच्या टोकाखाली एक, मध्ये जमिनीवर रविवारची पुरवणी, आणि बोटीत बागेच्या नळाचा पाइप.

आमचे सेक्रेटरी जोशी काका भाजीची पिशवी घेऊन येत होते. ते थांबले. बँकेतून रिटायर झालेला साधा माणूस.

"काय चाललंय?"

"बोटीत पाणी भरतोय."

"बोटीत?"

"लीक आहे का ते बघायला."

काकांनी जरा विचार केला. "पण बोटीच्या बाबतीत पाणी बाहेर असतं ना?"

मी त्यांच्याकडे बघून हसलो. अगदी कीव येऊन हसलो. "काका, आतलं पाणी बाहेर येत नसेल, तर बाहेरचं आत कसं येईल?"

काका मान डोलवत जिन्याकडे गेले. ते वाक्य मलाही इतकं आवडलं की मी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

दीड-दोन तासांत बोट काठोकाठ भरली. मी गुडघ्यांवर बसून खाली वाकून बघितलं. पुरवणी कोरडी ठणठणीत! एक थेंब नाही! "पास!" तास भरायच्या आधीच मी ओरडलो. आणि तेवढ्यात "कर्रर्र" असा आवाज आला.

बोटीचं पोट हळूहळू खाली येत होतं. त्याचं असं आहे, की बोट पाण्यात असली म्हणजे तिला खालून सगळीकडून पाण्याचा आधार असतो. मी तिला दोन टोकांवर अधांतरी ठेवून तिच्या पोटात दोन हजार लिटर पाणी भरलं होतं. हे कुठल्याही कोळ्याच्या पोराने सांगितलं असतं. कुठल्याही रिटायर्ड बँकवाल्याने सांगितलं असतं, नव्हे, सांगितलंच होतं! बोट मधोमध वाकत वाकत पुरवणीला टेकली आणि केळ्याच्या आकाराची होऊन थांबली. कागद तरीही कोरडा. लीक टेस्ट पास, बोट फेल.

इतक्यात बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून हाक आली. "अहो, नळाला पाणी का नाही?"

मग दुसऱ्या मजल्यावरून. मग ए विंगमधून. आमच्याकडे पाणी येतं एक दिवसाआड, आणि तो दिवस नेमका आडचा होता. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत होतं नव्हतं तेवढं पाणी माझ्या सासऱ्यांच्या बोटीत उभं होतं! दहा मिनिटांत पार्किंगमध्ये बादल्यांची रांग लागली. जोशी काकूंनी पातेलं बुडवता बुडवता विचारलं, "यात आधी मासे नव्हते ना ठेवलेले?" वंदना गॅलरीतून खाली बघत होती.

"बाबांना काय सांगू?" संध्याकाळी तिने विचारलं.

"सांग, डिझाइनमध्ये किरकोळ बदल केलाय."

मनाला जरा बरं वाटावं म्हणून मी संजूला फोन लावला. त्याचा आवाज पडला होता. पावसाळी दमट हवा, त्यात त्याने रेझिन सुकवणारा हार्डनर कमी टाकलेला. बोट साच्यातून निघाली ती बाहेरून आरशासारखी गुळगुळीत, पण आतलं रेझिन काही केल्या सुकेना. हात लावला की चिकटतंय. आणि नेमके आदल्याच दिवशी मामा बघायला आले आणि बसून बघू म्हणून आत बसले.

"मग?" मी विचारलं.

"मग उठले."

"मग झालं की!"

"दाजी, बाबा उठले. लेंगा नाही उठला."

मी मनापासून हसलो, आणि मग आठवलं की बंदी बुधवारी उठणार आहे.

बुधवारी मी कंपनीत सासरे आजारी असल्याचं सांगून सुट्टी काढली. (त्यांना आमच्या दोघांचा झालेला त्रास बघता हे खोटंही नव्हतं.) निदान दोन्ही घेऊन जाऊ, मामा बघतील त्यातलं काय चालतंय ते, असं ठरलं. संजू तळेगावहून टेम्पोत फायबरची बोट घेऊन चिखलीला आला. माझी बोट त्याच्या बोटीपेक्षा जरा लहान होती. टेम्पोत दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून आम्ही माझी उचलून त्याच्या बोटीत ठेवली. मधे एक प्लॅस्टिकचा कागद टाकावा, एवढं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मग धरणापर्यंत जितके खड्डे लागले, तितक्या वेळा माझ्या बोटीचं पोट त्याच्या बोटीच्या चिकट तळावर जाऊन बसलं.

धरणाकाठी संस्थेचे चेअरमन अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत रजिस्टर घेऊन बसले होते. शेजारी त्यांचा भाचा उभा होता. त्याच्या खांद्यावर नवं जाळं होतं आणि नजर मामांच्या जागेवर होती. मामा नवा लेंगा घालून, दाढी करून आले होते.

आम्ही माझी बोट उचलायला गेलो. निघेना. चौघांनी ओढली, निघेना. आठ जणांनी ओढली, तर दोन्ही बोटी एकत्र खाली उतरल्या.

"काय वो, होड्या येक का दोन?" अण्णांनी खुर्चीतूनच विचारलं. भाचा हसला. मग काठावरची सगळी माणसं हसली.

मामा हसले नाहीत. ते नुसते पाण्याकडे बघत होते, खाली त्यांचं शेत होतं त्या बाजूला. मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी लाज वाटली. ते एकच गोष्ट मागत होते, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं महिनाभर एकमेकांना गुण देत बसलो होतो. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"बाबा, चुकलं," संजू हळूच म्हणाला.

मामांनी बोटीभोवती एक चक्कर मारली. बाहेरून फायबरवर थाप मारली. आवाज नाही. आत हात घालून पत्र्यावर तळवा फिरवला. तळवा चिकटला नाही.

"ढकला," ते म्हणाले.

"मामा, पण ही अशी..."

"ढकला म्हंतो न्हवं!"

आठ जणांनी रेटा दिला आणि ते प्रकरण पाण्यात गेलं. तरंगलं! आणि अगदी सरळ तरंगलं, कारण बाहेरचा आकार संजूचा होता आणि माझं केळं आत झाकलेलं होतं.

"पाव्हणं, बसा. दोन मानसं लागत्यात," मामा मला म्हणाले.

मला पोहता येत नाही. हे मी मोठ्याने सांगितलं. दोनदा सांगितलं. मामांनी फक्त वल्हं हातात घेतलं, आणि मी बसलो. मी दोन्ही कडा धरून, डोळे मिटून, येत होते तेवढे सगळे देव आठवले. मधेच खालून "धप्प" झालं.

"आंबा," मामा म्हणाले. "आमचाच."

तडा नाही, पोचा नाही, ठण्ण नाही. बांबूला वळसा घालून आम्ही परत आलो तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्यामुळे असल्याचं त्यांनी न विचारता सांगितलं. भाच्याने खांद्यावरचं जाळं खाली ठेवलं.

अण्णांनी रजिस्टर उघडलं. "होडीचा प्रकार काय लिवू?"

"ॲल्युमिनियम," मी म्हणालो.

"फायबर," संजू म्हणाला.

"मुकाट ऱ्हावा दोगं!" मामा ओरडले.

होडी अजून आहे, जागाही मामांचीच आहे. गावातले लोक सांगतात, अशी भक्कम होडी धरणावर दुसरी नाही. ते खरंच आहे, कारण ती हलवायला गावच गोळा करावं लागतं. आठवडाभर शेजारीपाजारी हात लावतात, पण रविवारी मामा कोणालाही बोलवत नाहीत. रविवारी सकाळी मी चिखलीहून निघतो, संजू तळेगावहून निघतो, आणि आम्ही दोघं गुडघाभर चिखलात उभे राहून ती तासभर इंचाइंचाने ढकलतो. संध्याकाळी पुन्हा ओढतो. मधल्या वेळात पत्रा चांगला की फायबर, यावर भांडतो.

गेल्या रविवारी घरी येऊन मी तो जुना तक्ता उघडला आणि मामांनी पहिल्या दिवशी सांगितलेला रकाना अखेर त्यात घातला. पाण्यात ढकलायला माणसं किती? ॲल्युमिनियमची: एक. फायबरची: दोन. आम्ही बनवलेली: एक मुलगा आणि एक जावई, जन्मभर.