वर्गात न बोलणारी

धामणगाव बढेच्या पुढच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी नवीनच रुजू झाले होते. पहिलीत एक मुलगी होती. एकदा ती भीत भीत म्हणाली, "मले तहान लागली." तेव्हाचे मुख्याध्यापक खेकसले, "मले नाही, मला म्हण!" त्यानंतर तिने तोंडच उघडलं नाही.

एका मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेतलं. "तुले जसं येते तसं बोल," म्हटलं. माझ्या पदराशी चाळा करत ती म्हणाली, "आमची बकरी याली, दोन पिल्लं झाली." मी ते शब्द तसेच फळ्यावर लिहिले आणि वाचून दाखवले. ती फळ्याजवळ गेली, अक्षरांना बोट लावलं. "हे म्या म्हटलं?" तिथून ती वाचायला लागली. शिकवणं म्हणजे काय, ते मला डीएडला कळलं नव्हतं, तिच्यामुळे कळलं.

पुढे वर्षं गेली, तशी आमची शाळाही बदलत गेली. छडी गेली, शब्दपट्ट्या आल्या, भिंती रंगल्या. 'मले' ऐकून कोणी ओरडेनासं झालं. आणि शाळा अशी चांगली होत असतानाच गावात इंग्रजी शाळेची व्हॅन येऊ लागली. आमचे वर्ग ओस पडत गेले.

मी पोरं मागायला घरोघरी फिरले. ती बकरीवाली मुलगी एव्हाना लग्न होऊन गावातच नांदत होती. तिची लेकही त्याच व्हॅनमध्ये जायची.

"काऊन गं, आपल्या शाळेत काय कमी आहे?"

"काहीच नाही मॅडम. पन मी बारावी शिकून कापूसच येचून राह्यली ना? पोरीले तरी इंग्रजी येऊ द्या."

मी पुढच्या घराकडे वळले.

पोर तिसरीत गेली आणि एका सकाळी तिची आई तिला घेऊन आमच्या शाळेच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले. "मराठी बोललं की तिथं उभं करतात, अन् इंग्रजी हिले येत नाही. आता वर्गात बोलतच नाही हे. तुमी मले बोलतं केलं, हिले बी करा मॅडम."

मी पोरीला माझ्याजवळ बसवलं. गाणी, गोष्टी, बाहुल्या, सगळं करून पाहिलं. "तुले जसं येते तसं बोल," म्हटलं, तर तिने स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं. मला वेळ हवा होता. तेवढ्यात आदेश आला: पट कमी, शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन, मी अतिरिक्त, म्हणजे बदली दुसरीकडे.

मी तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले. "साहेब, वर्ष संपेपर्यंत तरी राहू द्या."

"मॅडम, माझ्या हातात काय आहे?" साहेब म्हणाले. खरंच काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी त्या पोरीपुढे जमिनीवर बसले. हात जोडले. "एक शब्द बोल बेटा." तिच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं. हुंदक्याचासुद्धा आवाज नाही. आई दारातून बघत होती. तिने पोरीला उचललं आणि नेलं.

आता मी देऊळघाटकडच्या मोठ्या शाळेत आहे. वर्ग गच्च भरलेला, गलका मावत नाही. मध्यंतरी त्या पोरीच्या आईचा फोन आला. "घरी लय बोलते मॅडम. त्या शेजारगावच्या शाळेत गेली की बंद. नवे सर चांगले हायेत, पन त्याईले दोन-दोन वर्ग पाहा लागतात. तुमी एखांद्या रविवारी येता का?"

मी गेले. पोर अंगणात खेळत होती. मला बघताच घरात पळाली. मग आतून आवाज आला, "आजी, बाहेर शाळेची बाई आली. तिले जा म्हन."

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. किती स्वच्छ, खणखणीत बोलत होती! आई खजील होऊन "या ना मॅडम, आत या" म्हणत राहिली. मला उंबरा ओलांडवेना. मी आत गेले असते तर ती पुन्हा गप्प झाली असती.