कूलरमधली कोळंबी

आमच्या घरात पाणी फेकून देणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मी केलेला आहे.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पाण्यावर जीव टाकणारं एखादं माणूस इथे घरोघरी सापडेल. मी जरा जास्तच टाकतो. स्वयंपाकघराच्या दारामागे मी एक तक्ता चिकटवलाय. तांदूळ धुतलेलं पाणी हिरव्या बादलीत, ते झाडांना. भाजी धुतलेलं लाल बादलीत, ते फरशीला. आणि निळ्या बादलीत जे असेल ते कूलरला. (तक्ता लॅमिनेट केलेला आहे. पाणी उडालं तर पुसता येतो, आणि पुसलेलं फडकं लाल बादलीत पिळायचं असतं.) हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला की माणसाला तक्त्याशिवाय घर चालवता येत नाही.

या कायद्याचे सगळ्यात इमानदार नागरिक म्हणजे माझे वडील, आप्पा. वय ब्याऐंशी. सगळी हयात सूतगिरणीत गेली. गिरणी केव्हाच बंद पडली, पण तिचा भोंगा आप्पांच्या डोक्यात अजून वेळेवर वाजतो. उन्हाळ्यात रोज दुपारी साडेचारला ते उठतात, निळी बादली उचलतात आणि कूलरमध्ये ओततात. बादलीत काय आहे हे बघायचं काम त्यांच्याकडे नाही. वास घेण्याचा तर प्रश्नच नाही, कारण साठ वर्षं तपकीर ओढून त्यांचं नाक फक्त चष्मा ठेवण्यापुरतं उरलंय.

तर या घरात मी पास्ता करायला घेतला. तोही कोळंबीचा!

त्याला कारण घडलं. आमची मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते. तिथे तिला निनाद भेटला. मुलगा चांगला, शांत, मालवणकडचा. आम्हाला पसंत होता, त्याच्या वडिलांना मुक्ता पसंत होती. घोडं अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. विशाखाताई नाही म्हणत नव्हत्या आणि हो पण म्हणत नव्हत्या.

"त्यांना माझ्यात काही खटकत नाही, बाबा," मुक्ता फोनवर म्हणाली. "त्या एवढंच म्हणतात, लांबची माणसं आहेत, त्यांचं आपलं काही जुळेल का? मासासुद्धा खात नाहीत म्हणे."

"कोण म्हणतं खात नाही? उजनीचा मासा खातो की आपण."

"बाबा, त्यांच्यासमोर उजनीचं नाव काढू नका. त्यांच्या घरातून समुद्र दिसतो."

मे महिन्यात ते तिघं आमच्याकडे यायचे ठरले. पुण्याहून मुक्ताला गाडीत घेऊन संध्याकाळी सातपर्यंत पोचणार, आणि जेवण आमच्याकडे. माझ्या बायकोचा, सुनंदाचा, बेत साधा होता: मटण, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी. मी तो हाणून पाडला. त्या बाईंना मासाच खायला घालायचा, असं मी जाहीर केलं. पण मालवणच्या बाईपुढे सोलापूरकरानं माशाचं कालवण ठेवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तेव्हा असा पदार्थ हवा होता, जो त्यांनाही येत नाही आणि आम्हालाही येत नाही. म्हणजे सामना बरोबरीत. म्हणून पास्ता.

"आणि करणार कोण?" सुनंदानं विचारलं.

"मी."

"तुम्ही शेवटचा चहा केला होता तेव्हा मुक्ता चौथीत होती."

"तो चहा तू प्यायली होतीस ना?"

"नाही," ती म्हणाली. "तक्त्याप्रमाणे झाडाला घातला होता."

त्या दिवशी सकाळी मी बाजारातून बर्फातली दोन किलो कोळंबी आणली. मुक्तानं फोनवर कृती सांगितली आणि मी ती वहीत मुद्देसूद उतरवून घेतली.

"बाबा, सगळ्यात महत्त्वाचं. कोळंबीची सालं आणि डोकी टाकायची नाहीत. ती भरपूर पाण्यात तासभर उकळायची आणि पाणी गाळून ठेवायचं. पास्ता त्याच पाण्यात शिजवायचा. सगळी चव त्या पाण्यात असते. ते पाणी फेकू नका हां."

सोलापूरच्या माणसाला पाणी फेकू नको म्हणून सांगणारी मुलगी माझ्याच पोटची असावी, याचं मला वाईट वाटलं.

नळाला पाणी दुसऱ्या दिवशी येणार होतं, म्हणजे घरातल्या टाक्या तळाला गेल्या होत्या. तरी मी मन मोठं केलं आणि मोठ्या पातेल्यात दहा-बारा लिटर पाणी ओतलं. सालं उकळली. घरात असा वास सुटला की सुनंदा तोंडाला पदर लावून शेजारी जाऊन बसली. दुपारी तीनला मी ते पाणी गाळलं. छान, फिकट तांबूस, अगदी वहीत लिहिल्यासारखं. आता ते ठेवायचं कशात? पातेलं तर पास्त्याला मोकळं हवं होतं. घरात तेवढं मोठं, नवंकोरं आणि स्वच्छ असं एकच भांडं होतं. आदल्या दिवशीच आणलेली बादली. मी ती गरम पाण्यानं दोनदा धुतली. (गैरसमज नको.) तिच्यात ते पाणी ओतलं, वर ताट झाकलं आणि जरा पाठ टेकावी म्हणून आत गेलो.

बादली निळी होती.

पाचच्या सुमाराला मी ताजातवाना होऊन आलो. ताट ओट्यावर पुसून पालथं घातलेलं, बादली रिकामी. आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते.

"आप्पा, या बादलीतलं पाणी कुठंय?"

"कूलरला घातलं की."

"अहो, पास्त्याचं पाणी होतं ते!"

"आसंल. निळ्या बादलीत हुतं. तूच लिवून ठिवलंय तितं, मला काय माहीत?" त्यांनी पेपराचं पान उलटलं. "मला वाटलं टँकरचं हाय. जरा तांबडं दिसत हुतं."

त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्त्यासमोर उभं राहून मी स्वतःच्याच अक्षराला दोन शिव्या घातल्या आणि सुनंदाला बोलावून आणलं.

"कूलर रिकामा करा आधी," ती म्हणाली.

"मग त्यात भरायचं काय? उद्या येणारं पाणी?"

कूलर बंद ठेवायची सोय नव्हती. पारा बेचाळीसला टेकलेला आणि माणसं समुद्रकाठची. कूलरची तोटी सोडून ते पाणी परत पातेल्यात घ्यावं, असा एक विचार मला शिवून गेला, हे मी लपवत नाही. पण त्या टाकीच्या तळाशी गेल्या वर्षीचा उन्हाळा गाळ होऊन बसलेला होता. शिवाय सुनंदा माझ्या तोंडाकडेच बघत होती. तो विचार मी सोडून दिला.

शेवटी पिण्याच्या पाण्याची कळशी पातेल्यात रिकामी केली. सात माणसांच्या पास्त्याला ते पाणी म्हणजे पाय भिजवण्यापुरतं. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं, तर पास्ता सुटासुटा दिसायच्या ऐवजी एकमेकांना मिठी मारून बसला होता. डाव घातला तर डाव उभाच राहिला. दरम्यान दुसऱ्या शेगडीवर कोळंबी परतायला टाकलेली मी विसरलो होतो. वहीत लिहिलं होतं, 'फक्त तीन मिनिटं.' ती वीस मिनिटं परतली गेली आणि शर्टाच्या बटणाइतकी होऊन बसली.

"आता?" मी विचारलं.

"आता बाजूला व्हा," सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. सहाच वाजले होते. कोकणातली माणसं वेळेच्या आधी येतात हे कुठल्याही भूगोलात दिलेलं नाही.

मुक्ता पुढे होती. मागून निनाद, त्याचे वडील मोहनराव आणि शेवटी विशाखाताई. ठेंगणी बाई, घामानं पार भिजलेली, तोंड मिटलेलं. नमस्कार झाले. त्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या. मुक्ता कूलरकडे बघत होती. मी बघत नव्हतो.

"बाबा, कूलर?"

"बिघडलाय."

"कशाचा बिघडलाय?" आप्पा ओसरीवरून आत आले. "आत्ता भरलाय की मी. पावनी घामानं भिजल्याती आन् तू खोटं बोलतूस व्हय रं?"

आणि त्यांनी बटण दाबलं.

पहिलं मिनिट काहीच झालं नाही. मला वाटलं, वाचलो. मग गवताच्या जाळ्या भिजल्या, पंख्यानं वेग घेतला, आणि दोन किलो कोळंबीची सालं आणि डोकी एकदम हॉलमध्ये आली. निनादनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी छताकडे बघितलं. मुक्तानं माझ्याकडे बघितलं, आणि लहानपणी गणितात नापास झाल्यावर मी तिच्याकडे ज्या नजरेनं बघायचो ती नजर मला परत मिळाली. बाहेर खिडकीच्या कठड्यावर, कूलरला नाक लावून, तीन मांजरं बसली होती. चौथं येत होतं. शेजारच्या नरसम्माकाकूंनी कुंपणावरून हाक मारली, "सर, वास कशाचा येलालाय ओ? बरं हाय ना समदं?"

संपलं, असं मला खरंच वाटलं. पोरगी तीन वर्षं ज्याच्यावर जीव लावून बसली होती, ते लग्न मी एका बादलीत बुडवलं होतं. मला हसू येत नव्हतं, आणि रडायला जागा नव्हती. मी बटणाकडे गेलो.

"राहू दे," विशाखाताई म्हणाल्या.

आल्यापासूनचे त्यांचे पहिले शब्द. त्या उठल्या, कूलरसमोर जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "माका घराचो वास येता," त्या हळूच म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "घाट चढल्यापासून बघतेय, सगळं कोरडं. वाटलं, इथं आपलं असं काही नसणार. आणि तुमच्या दारात आले तर आमच्या बंदरावरचा वास. हे कसं केलंत तुम्ही?"

देवानं दिलेली संधी होती. मी ती दोन्ही हातांनी घेतली. "त्याचं काय आहे ताई," मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "किनारपट्टीची हवा दमट असते. पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून आम्ही मुद्दाम सकाळपासून कोळंबीची सालं उकळून..."

"आरं, मुद्दाम कुटं?" आप्पा म्हणाले. "चुकून झालं की. ह्येनं त्या श्यावयांसाटनं पाणी ठिवलं हुतं निळ्या बादलीत, आन् निळी बादली कूलरची. मी घातलं वतून. दारामागं तक्ता हाय बगा, ह्येच्याच हातचा."

विशाखाताई स्वयंपाकघरात गेल्या. तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. फडकं पिळायची ओळही वाचली. ओट्यावरचं पातेलं बघितलं, त्यात उभा असलेला डाव बघितला. आणि ती मिटलेल्या तोंडाची बाई अशी हसत सुटली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी सवयीनं आजूबाजूला रिकामी बादली बघितली.

मग पदर खोचून त्यांनी सुनंदाला विचारलं, "सुरी कुठाय?" दोघींनी मिळून पास्त्याच्या वड्या पाडल्या, लसणाची फोडणी दिली, वर सढळ हातानं शेंगाची चटणी भुरभुरली आणि त्यात ती बटणं सोडली. त्याला पास्ता म्हणणं बरं नाही. पण कडक भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ला. मोहनरावांनी दोनदा घेतला. (निनादनं तीनदा, पण तो मुक्ताकडे बघून.) प्यायला पाणी नव्हतं, ते नरसम्माकाकूंनी दोन कळशा दिल्या.

जेवताना मुक्ता म्हणाली, "काकू, अजून एक भाकरी?"

"काकू आता पुरे झालं," विशाखाताई म्हणाल्या. "आई म्हण."

सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. मीही खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर सात मांजरं होती.

डिसेंबरात लग्न झालं. कूलरच्या जाळ्या मी तीन वेळा बदलल्या, मांजरांनी अजून आशा सोडलेली नाही. तक्त्यात एक ओळ वाढली आहे, ती आप्पांनी आग्रहानं लिहून घेतली: 'कोळंबीचे पाणी – निळी बादली. फक्त व्याही आल्यास.'

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच मुलीच्या सासरी गेलो. विशाखाताई हौसेनं मला लगेच किनाऱ्यावर घेऊन गेल्या. समोर अथांग समुद्र. तीस वर्षं मी मुलांना भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे शिकवले. नकाशात ही किनारपट्टी डोळे मिटून काढू शकतो. मी छाती भरून श्वास घेतला, व्याही-विहिणीसमोर दोन क्षण गंभीरपणे उभा राहिलो आणि म्हणालो, "अगदी आमच्या कूलरसारखं आहे."