उजवीकडची सीट

भाईला, म्हणजे माझ्या भावाला उल्हासला, जाऊन दीड महिना होत आला. पुरवणीच्या संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "चार आठवणी लिहा, जरा गोड लिहा." भाईबद्दल गोडच लिहिणार आहे, कारण त्याच्याबद्दल कडू लिहायला काही नाहीच. पण या लेखात आणखी एक माणूस येणार आहे. तो जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. त्याच्याबद्दल गोड लिहायचं मी कुणाला कबूल केलेलं नाही. त्याचं नावही लिहीत नाही. डिचोलीत सगळे त्याला पात्रांव म्हणतात, कारण मालक म्हणवून घ्यायची त्याला लहानपणापासून हौस. ओळखणारे ओळखतील. त्यासाठीच तर लिहिते आहे.

भाईची आणि माझी शेवटची भेट लाटंबार्श्याला, माहेरच्या घरात झाली. मी सासरहून, पार्श्याहून, दोन बस बदलून गेले होते. काकीने त्याची खाट सोप्यावर आणून टाकली होती. भाईने लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर त्या घरात तो आणि ही आमची म्हातारी काकी, दोघंच. फुप्फुसं थकली होती, चार शब्द बोलला की थांबायचा. उशाशी स्टुलावर त्याने स्वतः पत्र्यातून केलेली बाबांच्या टॅक्सीची छोटी प्रतिकृती, हातभर लांबीची, काळी-पिवळी. तिच्या दारावर बोट ठेवून म्हणाला, "पात्रांवाक एकदा विचार गे, बाय... मयेंच्या तळ्यापर्यंत जावन येवया. माका उजवेकडे बसयलो तरी पुरो..." एवढीच इच्छा. देवदर्शन नको, मुंबईचा डॉक्टर नको. आमच्याच बाबांच्या गाडीत बसायला परक्या माणसाची परवानगी काढून आण, असं त्याचं मागणं होतं.

गाडी बाबांची टॅक्सी. जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी. पोर्तुगीज गेले त्या धामधुमीत एका साहेबाने जाता जाता विकलेली. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. आमच्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालायचं, त्यामुळे पुढे ट्रक असला की त्याच्या पलीकडून काय येतंय ते बाबांना दिसायचंच नाही. ते बघायचं काम उजवीकडे बसणाऱ्याचं. भाई शाळेत जायला लागला तेव्हापासून ती सीट त्याची झाली. खिडकीतून मान बाहेर काढून तो सांगायचा, "रव बाबा... रव... आता मार!" आणि बाबा मुकाट्याने गाडी पुढे काढायचे. स्वतः वाकून एकदाही बघायचे नाहीत. मागे नवरा-नवरी असोत, बाळंतीण असो, म्हापशाच्या बाजाराला निघालेल्या बायका असोत, सगळ्यांचा जीव त्या पोराच्या शब्दावर. मला ती सीट कधी मिळाली नाही. मी मागे, मिरच्यांच्या पिशव्या आणि कुणाच्या तरी कोंबड्या यांच्यामध्ये. त्याचा राग मला अजून आहे, पण तो घरातला राग, तो घरातच राहील.

बाबा गेल्यावर गाडी खोपीत उभी राहिली. भाई वीज खात्यात होता. रोज संध्याकाळी कामावरून आला की आधी तिच्यावरची धूळ पुसायचा, मग चहा. अशा एका संध्याकाळी पात्रांव आला. भाईच्या वर्गातला, आता खाणीवर टिपर चालवून गब्बर झालेला, आणि जुन्या गाड्या जमवायचा नाद लागलेला. पणजीला जुन्या गाड्यांची रॅली होती. म्हणाला, "आठ दिसांखातीर दी रे. धुवन पुसून हाडून दितां." भाई भिडेचा माणूस. त्याने चावी दिली, वर फडकंही दिलं. आठ दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. भाई विचारायला गेला की तिथे चहा आणि बिस्किटं मिळायची, गाडी मिळायची नाही. मी म्हणायची, पोलिसात जा. तो म्हणायचा, "शाळेतलो दोस्त गे तो." असले दोस्त असले म्हणजे चोरांची गरज काय, मला कळत नाही.

मग एका वर्षी रॅलीला आम्ही दोघं गेलो. मांडवीच्या काठाने गाड्या ओळीने उभ्या, पुढे दोर बांधलेला. भाईला तो दिवस म्हणजे सणच. प्रत्येक गाडीपाशी थांबून तो मला सांगत होता, ही मडगावच्या डॉक्टरांकडची, हिची जाळी बदललीय, हिचं इंजिन ऐक, कसं शहाण्यासारखं बोलतंय. आणि ओळीच्या टोकाला आमची गाडी. क्रीम रंग मारलेली, चाकांना पांढऱ्या कडा, पुढे पाटी: आमच्या आजोबांची गाडी. शेजारी पात्रांव, डोक्यावर हॅट. त्याच्या आजोबांना मी पाहिलेलं आहे. ते आयुष्यभर पायी फिरले. दोनदा आमच्या टॅक्सीत बसले, तेही मागे माझ्या शेजारी. मी दोराखालून आत घुसणार होते. भाईने माझा हात धरला. "गप रव. लोक बगतात." मग गाडीकडे बघून म्हणाला, "रंग चुकलो." बस्स, एवढंच. परतताना बसमध्ये तो तिकिटाच्या मागे पेनाने गाडीची बाजू काढत होता, आणि मी पणजीपासून डिचोलीपर्यंत बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ती छोटी गाडी करायला घेतली. छोट्या गाड्या तो आधीपासून करायचा. खाणीवरचे ट्रक, लाकडी बॉडीच्या जुन्या बस, एकास दहाच्या मापाने. पण त्या हौसेच्या. ही वेगळी. तुपाच्या डब्यांचा पत्रा, इंजेक्शनच्या सुयांचं धुराडं, सीटना आईच्या जुन्या पर्समधलं रेक्झिन. माप घ्यायला गाडी समोर नव्हती, म्हणून तो आठवणीने मोजायचा. बाबा टपावर कोपर टेकून उभे राहायचे, त्यावरून उंची. आपण मागच्या दाराच्या मुठीला लोंबकळायचो, त्यावरून मूठ. एकदा दार बसवलं आणि मला डोळे मिटून ऐकायला लावलं. मी म्हटलं, वाजलं की छान. तो म्हणाला, "हो डब्याचो आवाज. आमचें दार कपाटासारखें लागतालें." आणि दार पुन्हा काढलं. तीन पावसाळे तो त्या गाडीवर बसला होता. मला त्याच्या कौशल्याचं कौतुक होतं, पण खरं सांगते, चीडही यायची. समोरच्याने खरी गाडी लाटली आणि हा घरात बसून खोटी करतोय! मी म्हणायची, एवढा पत्रा कापतोस, त्यातला एखादा तुकडा त्याच्या टायरखाली तरी टाक. तो हसायचा आणि ब्रशचं टोक जिभेने ओलं करून आकडे रंगवायचा.

दर चतुर्थीला ती गाडी गणपतीपुढे, वर फळाफुलांनी बांधलेल्या माटोळीखाली ठेवली जायची. दर्शनाला येणारे आधी देवाला हात जोडत आणि मग गाडीपाशी बसकण मारत. एक म्हातारी म्हणायची, माझी थोरली हिच्यातच जन्मायची होती, थोडक्यात हॉस्पिटल गाठलं. एका वर्षी पात्रांवही आला. आमच्या नेवऱ्या खाल्ल्या, गाडी उचलून उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "बरी केल्या रे. माका एक करून दी." भाई म्हणाला, "बगूया." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

तर ती शेवटची इच्छा घेऊन मी या माणसाच्या दारात गेले. गेले, कारण भाईसाठी गेले. त्याने बसा म्हटलं, फॅन लावला आणि उद्यावर ढकलत म्हणाला, "फाल्यां बगूया." दुसऱ्या वेळी गेले तर म्हणाला, "रॅली सोंपूं दी. आताच पॉलिश केलां." तिसऱ्या वेळी फोनवर त्याच्या सुनेने सांगितलं की ते झोपलेत. रॅली संपायच्या आधी भाई संपला. लाटंबार्श्यापासून मयें किती लांब आहे ते नकाशात बघा. ज्याच्या घरी रांगेने गाड्या उभ्या आहेत त्याला त्या तळ्यापर्यंत एक फेरी जमली नाही.

आणि मग मेल्यावर जमली! काकी सोप्यावर बसून रडते आहे, मी भाईच्या उशाशी, आणि अंगणात आमची गाडी शिरली. पुढे झेंडूच्या माळा, मागे पात्रांव पांढऱ्या कपड्यांत, त्याचा भाचा मोबाईलवर सगळं टिपतोय. पात्रांव माझ्यासमोर येऊन डोळे पुसत म्हणाला, "उल्हासाची इच्छा आसली. गाडयेतसूनच व्हरूया ताका." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ताका बसान जावंचें आसलें. आडवो घालून न्हय." भाईला गावाने खांद्यावर नेलं. तरी पात्रांवाच्या स्टेटसवर फोटो चढलाच: मित्राची अंतिम इच्छा पूर्ण केली. खाली दोनशे हात जोडलेले.

पण देव कधी कधी जागा असतो. स्मशानातून माणसं परतल्यावर ड्रायव्हरने गाडी सुरू करायला घेतली, तर तिने काळ्या धुराचा एक ढेकर दिला आणि बंद पडली. ढकलली, बॉनेट उघडलं, सुरू होईना. पात्रांव दुसऱ्याच्या गाडीतून गेला. दुसऱ्या दिवशी ट्रेलर घेऊन चार माणसं आली. मी सोप्यावरूनच सांगितलं, सुतकात अंगणात थांबलेलं वाहन बाराव्यापर्यंत हलवायचं नसतं, नेणाऱ्याच्या घरात विपरीत घडतं. असा नियम कुठल्याही पोथीत नाही. मी तो तिथल्या तिथे तयार केला. पात्रांव नवा टिपर घेतला तरी पाच देवांना गाऱ्हाणं घालणारा माणूस, हे मला माहीत होतं. माणसांनी त्याला फोन लावला, त्याने काकीला विचारायला सांगितलं. काकीने पदराने डोळे पुसले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "व्हय रे पुता. तशीच रीत आसा." ट्रेलर रिकामा परत गेला. त्या दुःखातही आम्ही दोघी आतल्या खोलीत जाऊन तोंडावर पदर धरून हसलो... भाई असता तर तोही हसला असता, आणि मग मला ओरडला असता.

बाराव्याला पात्रांव आला. जेवला. मग म्हणाला, गाडी नेतो, आणि ती छोटी गाडीही दे, माझ्या संग्रहात ठेवतो, खाली उल्हासचं नाव घालतो. पंगत अजून उठायची होती. मी मोठ्याने विचारलं, "व्हर. पूण सगळ्यांमुखार सांग, ही गाडी कोणाची?" त्या पंगतीत एकही माणूस असा नव्हता जो कधी ना कधी बाबांच्या टॅक्सीत बसला नव्हता. सगळे पानातून मान वर काढून त्याच्याकडे बघत राहिले. पात्रांवाने रुमालाने कपाळ पुसलं, ओशाळवाणं हसला आणि मागीर येतां म्हणत काढता पाय घेतला. नंतर ड्रायव्हर विचारायला आला तेव्हा मी नियम वर्षश्राद्धापर्यंत वाढवला.

सगळे गेल्यावर एका दुपारी मी पहिल्यांदा गाडीचं दार उघडलं. वाटलं होतं, आता तरी उजवीकडे बसून बघू. उघडलं, तर पुढ्यात स्टिअरिंग. ड्रायव्हरला सवय नाही म्हणून पात्रांवाने ते, आम्ही रॅलीला गेलो त्यानंतर कधीतरी, डावीकडून काढून उजवीकडे बसवून घेतलं होतं; अंत्ययात्रेच्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भाईची जागाच उरली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. इतक्या दिवसांत तशी रडले नव्हते. भाईला हे दिसलं नाही हे बरं झालं, असं क्षणभर मनात आलं. पण त्याचं श्रेय मी त्या माणसाला देणार नाही.

मग भाईच्या खोलीतून छोटी गाडी आणून मोठीच्या बॉनेटवर ठेवली. तिच्यात स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडची सीट रिकामी. डाव्या मडगार्डवर एक पोचा. फणस पडून झालेला तो पोचा बाबांनी कधी काढून घेतला नव्हता. मोठीवर तो भरून, घासून, क्रीम रंगाखाली गडप. भाईचा कॅलिपर घेतला, पोचा मोजला, दहाने गुणला, मडगार्डवर खडूने वर्तुळ काढलं. काकीला म्हटलं, कान झाक. आणि भाईची हातोडी दोन्ही हातांनी धरून घातली. क्रीम रंगाची ढलपी उडाली. खालून काळा निघाला. आयुष्यात इतकं बरं मला क्वचित वाटलं असेल.

पात्रांव, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. सुतकाचा तो नियम खोटा होता, आता उघड सांगते. फाटकाला कुलूप नाही, गाडी अंगणात आहे, ट्रेलर घेऊन खुशाल ये. फक्त दिवसाढवळ्या ये, काकीसमोर उभा राहा आणि गाडी कुणाची ते तुझ्या तोंडाने सांग. उशीर मात्र करू नकोस. स्टिअरिंग काढून पुन्हा डावीकडे बसवायला सोमवारी मिस्त्री येतोय.