भुलीआधीचा चहा

वडील बावन्नाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनं गेले. मी पन्नाशी गाठली तेव्हा डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीनं तपासणी सांगितली आणि मी ती दोन वर्षं टाळली. तपासणीची भीती नव्हती हो, भीती होती त्याआधीच्या झोपेच्या इंजेक्शनची. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याबद्दल इतकं यायचं की झोपलेला माणूस उठतच नाही, अशी माझी खात्री झाली होती. वडील कशानं गेले, हे त्या ग्रुपवर कोणी टाकत नसे. त्यामुळे ते विसरायला सोपं गेलं.

शेवटी बायकोनंच तारीख घेतली. कर्वेनगरातल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. मी विचारलं, "या औषधानं श्वास थांबतो म्हणे?"

"मंदावू शकतो. म्हणून तर मी सगळा वेळ शेजारी असते, श्वास आणि ऑक्सिजन बघत. घरी कोणी एकट्यानं टोचून घेतलं तर धोका आहेच. आपण घरी घेणार आहात का?"

"छे!"

"मग आता माझे प्रश्न. घोरता?"

"वरच्या मजल्यावरचे सांगतील," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी तेही गंभीरपणे लिहून घेतलं. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

"काहीच नाही."

"अहो, चहा?" बायको.

"चहा कुठे धरतात?"

"दुधाचा?" डॉक्टर.

"आणि गवती चहा घालून," मी उगाच माहिती पुरवली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, औषधावर माझी नजर असते. भुलीत पोटातला चहा वर येऊन फुप्फुसात गेला, तर तो खरा धोका. आता दुपारी दोननंतर बघू."

मला उठून घरी पळायचं होतं. बायकोनं स्वतःची पर्स माझ्या मांडीवर ठेवली. परक्याची पर्स घेऊन पळता येतं, बायकोची घेऊन नाही.

दोननंतर इंजेक्शन टोचलं, एवढंच आठवतं. "उठा, झालं," भुलीच्या डॉक्टर म्हणाल्या.

"सुरू कधी केलंत?"

आतड्यात दोन लहान गाठी निघाल्या होत्या. त्या तिथेच काढल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. "तशाच राहू दिल्या असत्या तर पुढचं सांगता आलं नसतं," तपासणी करणारे डॉक्टर म्हणाले.

हे सगळं, चहासकट, मी ग्रुपवर लिहिलं. पाच मिनिटांत वाघोलीहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, मीपण टाळतोय रे. त्या इंजेक्शनमुळेच."

"मंगळवारी तपासणीला ये," मी म्हणालो. "मी बाहेर बसतो."