रस्ता ओलांडणाऱ्या बाई

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी कर्वेनगरातल्या एका छोट्या कंपनीत ब्राउझरवर खेळायचे गेम बनवायचो. बहुतेक गेम कुणाच्या ना कुणाच्या जाहिरातीसाठी असत. त्यातला एकच पूर्णपणे माझा होता. भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंना रस्ता ओलांडून द्यायचा, एवढंच. स्कूटर अंगावर आली की बाई ओरडायच्या, "अहो, डोळे आहेत का बटणं?" हा आवाज माझ्या बायकोचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आत स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला होता. दुसऱ्यांदा म्हणून घ्यायची गरज पडली नाही.

पुढे कंपनी बंद पडली. मग ज्यावर हे गेम चालायचे ते फ्लॅशही बंद झालं आणि गेमच्या जागी राखाडी चौकोन दिसायला लागला. माझ्याकडची मूळ फाईल हार्डडिस्कबरोबर आधीच गेली होती. मी हळहळलो. बायको म्हणाली, "पोचल्या असतील बाई पलीकडे."

मागच्या वर्षी वाचलं, की जगभरातले काही हौशी लोक असे बंद पडलेले गेम जमवतात आणि ते चालवायला त्यांनी वेगळा प्रोग्रॅमही केलाय. त्यांच्या संग्रहात शोधलं तर माझा गेम होता. खाली इंग्रजीत वर्णन होतं : एक चिडलेली भाजीवाली वाहनांवर ओरडते.

बायकोला हाक मारली. ती चष्मा लावून बसली आणि पहिल्याच स्कूटरपुढे गेली. लॅपटॉपमधून तिचाच तरुण आवाज खेकसला.

"मी एवढं तुसडं बोलायचे?"

"बोलायचीस," मी म्हणालो. भूतकाळ मुद्दाम वापरला.

"आणि या इतक्या हळू का चालतात?"

"पिशवी जड आहे."

"मग रिक्षा करावी."

मी संग्रहवाल्यांना ईमेल लिहिलं, की बाई भाजी विकत नाहीत, घेऊन निघाल्यात. चिडलेल्याही नाहीत, पुण्यात असंच बोलतात. तिकडून एका गृहस्थांचं नम्र उत्तर आलं. बाई नेमकं काय म्हणतात आणि तो अपमान आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. मी बायकोला विचारलं.

"अपमान कसला? अहो म्हटलंय की. चौकशी आहे ती."

मी तसंच कळवलं. काही दिवसांनी वर्णन बदललं : भाजी घेऊन निघालेल्या बाई रस्ता ओलांडताना वाहनचालकांची आदराने चौकशी करतात.

बायकोने ते वाचलं, "आता ठीक आहे," म्हणाली आणि पुन्हा खेळायला बसली. एव्हाना तिला गेम चांगला जमायला लागला होता. तरी तिने बाईंना रस्त्याच्या मधोमध उभं करून ठेवलं. स्कूटर आली, आवाज आला. तिने पुन्हा तेच केलं.

"काय छान आवाज होता गं माझा," ती स्वतःशीच म्हणाली.

मी चहा टाकायला उठलो.