आधी भांडून घ्या

आमच्या वकीलबाई पक्षकारांना आपापसांत भांडायला लावत. भोरला एसटी स्टँडमागे माडीवर त्यांच्या दोन खोल्या. तिथं त्या आणि दोघी ज्युनिअर. ज्या धंद्याचा मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, त्याचंच काम घ्यायचं, हा नियम. भागीदारीचा करार करायला कुणी आलं की म्हणायच्या, "आधी भांडून घ्या. गोडी आहे तोवर भांडण उरकतं."

मोठ्या कंपन्यांना हवे तसे करार शिवून मिळतात. आमच्या गिरणीवाल्याला मात्र टायपिंगच्या दुकानातला छापील नमुना, नुसती नावं बदललेली. पुढं त्यावर घरं फुटतात आणि लोक नशिबाला बोल लावतात. नशीब कसलं? सरळ अन्याय आहे हा. बाई तो नमुना उचलून खिडकीत ठेवायच्या, वर चहाचा कप.

मी बायकांच्या मालमत्ता हक्कांची पत्रकं काढते. एकदा मसुदा दाखवला तर म्हणाल्या, "उद्गारचिन्हं किती गं? दारात येऊन ओरडल्यासारखं वाटतं. लोक दार लावून घेतात." झोंबलं मला. आता निम्मी चिन्हं खोडून टाकते.

विंझरचे दोघे भाऊ भातगिरणी काढणार होते. बाईंनी थोरल्याच्या बायकोलाही बोलावलं होतं. मी कोपऱ्यात पत्रकांच्या घड्या घालत होते. बाईंनी धाकट्याला विचारलं, "दादा उद्या नसले, तर त्यांच्या जागी कोण?"

"असलं अभद्र बोलू नका बाई. म्या हाय की."

"आन् ही?" थोरल्यानं बायकोकडं हात केला.

"वहिनीला काय कमी पडू दीन का म्या?"

"पडू देणार न्हाईस," थोरला म्हणाला. "पर मागायला लावशील."

मग जे पेटलं ते पेटलं. धाकटा तर तणतणत जिन्यापर्यंत जाऊन परत आला. वहिनी मान खाली न घालता दिराकडं बघत होत्या. बाई मधे पडल्या नाहीत. शेवटी लिहिलं गेलं: थोरल्यामागं त्याची भागीदारी वहिनींची. धाकट्यानं सही केली, चहाला शिवला नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "गुमान सह्या घेतल्या असत्यात तर लवकर झालं असतं."

"कागद कपाटात पडून राहतो गं," बाई म्हणाल्या. "भांडण डोक्यात राहतं."

गेल्या पावसाळ्यात बाई आजारानं गेल्या. दिवाळीनंतर थोरल्याचा टेम्पो घाटात उलटला, तोही गेला. तेराव्याला मी विंझरला गेले, तेव्हा भावांचे चुलते म्हणाले, "सूनबाईनं आता घरचं बघावं. गिरणी धाकला बघंल." मी पिशवीतली पत्रकं चाचपली, बोलणारच होते. पण धाकटा आधी बोलला.

"त्यावर आमचं भांडण झालंय, तात्या. भोरला, बाईंच्या हापिसात. दादा जिंकला."

वहिनींनी उठून खुंटीवरची गिरणीची किल्ली घेतली.

मी पत्रकं न वाटताच परत फिरले. भोरला उतरल्यावर बाईंना सांगायचं म्हणून जिना चढायला लागले, आणि निम्म्यात थांबले.